पवईतल्या सोसायटीने पावसाचे पाणी कसे हाताळावे: उतार, गटार, बाग आणि तळघर

मुंबईच्या पवईत पाणी तुंबले की दोष ठरलेला असतो: महापालिकेने नाला साफ केला नाही. पुष्कळदा तो खराही असतो. पण कंपाउंडच्या आत पडलेले पाणी शेवटच्या चेंबरपर्यंत नेणे हे सोसायटीचेच काम आहे आणि बहुतेक ठिकाणी घोळ तिथूनच सुरू होतो. हा लेख त्या आतल्या कामाविषयी आहे. उदाहरण पवईचे घेतले आहे, कारण डोंगर, तलाव आणि दाट वस्ती इथे एकमेकांना खेटून आहेत. ठाण्यात उपवनजवळ किंवा पुण्यात पाषाण-कात्रजकडे राहणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

तलावाचा स्वभाव

पवई तलाव मानवनिर्मित आहे. १८९० च्या सुमारास इंग्रजांनी तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आज त्याचे पाणी पिण्यायोग्य नाही. ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला दिले जाते. महापालिकेच्या आकड्यांनुसार पाणलोट ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर आणि साठा सुमारे ५४५ कोटी लिटर.

साठ्याला पाणलोटाने भागून पाहा. तलाव अगदी कोरडा आहे आणि पडलेला थेंबन् थेंब त्यात उतरतो असे धरले, तरी सव्वाआठशे मिलिमीटर पावसात तो भरेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी २३०० मिमीच्या आसपास आहे आणि तलाव काही कोरडा नसतो. म्हणूनच २०२४ मध्ये तो ८ जुलैला ओसंडला आणि २०२५ मध्ये तर १८ जूनलाच. ‘आपल्याकडे तलाव आहे, तो पाणी पिऊन टाकेल’ हा भरवसा फार तर जूनपुरता आहे. भरलेला तलावही थोडा धक्का सोसतो, कारण एवढ्या पसाऱ्यावर पातळी एक सेंटिमीटर वाढली तरी सव्वादोन कोटी लिटर पाणी काही काळ थोपते. मात्र त्यानंतरचे पाणी सांडव्यावरून मिठी नदीत जाते. तिथून फिल्टरपाडा, मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीत.

भरतीचा पवईच्या तुंबण्याशी थेट संबंध नाही, तो कुर्ला-माहीमकडचा प्रश्न आहे. इथे भरतीचे वेळापत्रक पाहत बसण्यापेक्षा ताशी किती पाऊस पडतो आहे ते पाहिलेले बरे.

पायरी १: पाणी कुठून येते आणि कुठे जाते

हे काम भर पावसात, छत्री घेऊनच करायचे. उन्हाळ्यात काढलेला नकाशा बहुधा चुकतो, कारण पेव्हर ब्लॉक कुठे खचलेत ते कोरड्या जमिनीवर दिसत नाही. दोघे जण, सोसायटीच्या आराखड्याची झेरॉक्स आणि मोबाइल एवढे पुरे. शोधायचे ते असे:

- डोंगराकडून, वरच्या रस्त्यावरून किंवा शेजारच्या प्लॉटमधून आपल्याकडे पाणी शिरते का? कुठल्या बिंदूतून?
- गच्चीचे पाइप कुठे सुटतात? चेंबरमध्ये, की थेट पेव्हरवर?
- शेवटचे चेंबर कुठे आहे? तिथून पाणी रस्त्याच्या पर्जन्य जलवाहिनीत जाते, नाल्यात जाते की तलावात?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समितीतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. खात्री करायला उघडीप असताना वरच्या चेंबरमध्ये गेरू कालवून बादलीभर पाणी ओता आणि खाली लाल रंग कुठे निघतो ते पाहा. तलाव खिडकीतून दिसतो म्हणून तुमचे पाणी तिकडेच जाते असे अजिबात नाही. मधल्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने आणि भरावांनी जुने उतार कधीच बदलून टाकले आहेत.

गेरूच्या याच चाचणीत दुसरी गोष्टही उघड होते. एखाद्या संडासात किंवा मोरीत रंग टाकून तो पावसाच्या गटारात उतरला, तर मैलापाण्याची जोडणी चुकलेली आहे. ती दुरुस्त करणे हे तलावासाठी कुठल्याही स्वच्छता मोहिमेपेक्षा मोठे काम. जलपर्णी त्याच सांडपाण्यावर पोसते. वर यंत्राने काढत राहायचे आणि खालून खत पुरवत राहायचे, असे वर्षानुवर्षे चालू आहे.

यानंतर आपली सोसायटी तीनपैकी कुठल्या जागी बसते ते ठरवा. डोंगराच्या पायथ्याशी असाल तर वरून येणारे पाणी आणि माती ही मुख्य चिंता. उताराच्या मध्ये असाल तर स्वतःचे पाणी खालच्या शेजाऱ्याला त्रास न देता सोडणे. सांडव्याच्या किंवा नाल्याच्या खालच्या अंगाला असाल तर नाला भरल्यावर पाणी उलटे आत येणे. पुढच्या पायऱ्यांत कुठे जास्त पैसे घालायचे ते यावरून ठरते.

पायरी २: हिशेब मांडा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढ्यावर सगळा हिशेब उभा राहतो.

समजा प्लॉट ४००० चौरस मीटरचा आहे: १२०० गच्ची, २००० पेव्हर आणि काँक्रीट, ८०० बाग. गच्चीवरचे सुमारे ९० टक्के पाणी वाहते, पेव्हरवरचे ८० टक्के, बागेतले ३० टक्के धरू. ताशी ५० मिमी पाऊस झाला तर तासाला सुमारे १ लाख ४६ हजार लिटर पाणी वाहते. म्हणजे दहा हजार लिटरचे चौदा-पंधरा टँकर दर तासाला, आणि सेकंदाला सुमारे ४० लिटर. पाऊस १०० मिमी झाला की सगळे दुप्पट.

५० मिमीच का? मुंबईच्या जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिमी धरलेली होती. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या महापालिकेच्या प्रकल्पात ती ५० मिमीवर नेण्याचे ठरले, त्याचा अहवाल १९९३ चा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडले, त्यापुढे कुठलीच गटारे पुरली नसती. पण दरवर्षी तासाभराची एखादी सर ५० मिमी ओलांडतेच. तेव्हा बाहेरचे गटार भरलेले असणार हे गृहीत धरून आतले काम करायचे.

आता पाइप. १:१०० उताराचा, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर पडणारा स्वच्छ पाइप पूर्ण भरून वाहिला तर सेकंदाला साधारण एवढे पाणी नेतो:

- १५० मिमी व्यास: १५ लिटर
- २२५ मिमी व्यास: ४५ लिटर
- ३०० मिमी व्यास: ९५ लिटर

वरच्या उदाहरणात २२५ मिमीचा पाइप जेमतेम पुरतो आणि १५० चा कुठल्याच हिशेबात बसत नाही. तरी जुन्या इमारतींत शेवटचा पाइप १५० चाच सापडतो, त्यातही अर्धा गाळ. असे असेल तर पाइप बदलणे हा पहिला खर्च. बाकीचे नंतर.

पायरी ३: बाग खाली, पेव्हर वर

माझ्या मते या सगळ्या यादीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हे आहे. आपल्याकडे बाग कठड्याच्या आत, पेव्हरपेक्षा वीतभर उंच केलेली असते. दिसायला छान. पण पेव्हरवरचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही आणि मोठ्या सरीत तिच्यातलीच माती वाहून गटारात बसते. उलटे करा. ८०० चौरस मीटर बाग पेव्हरपेक्षा १० सेंटिमीटर खाली ठेवली तर तिच्यात ८० हजार लिटर पाणी थांबते. एवढी टाकी बांधायला किती खर्च येईल ते कंत्राटदाराला विचारून पाहा.

काम असे: कठड्याला दीड-दोन मीटरवर खाचा पाडायच्या, आतली माती थोडी काढून मध्ये उथळ खोलगट भाग करायचा, खाचेपाशी माती धुपू नये म्हणून दगड-गोटे बसवायचे आणि जास्तीच्या पाण्यासाठी थोड्या उंचीवर जाळीचे तोंड ठेवून ते चेंबरला जोडायचे. मोठ्या झाडांची मुळे उघडी पाडायची नाहीत, त्यांच्याभोवतीची माती तशीच सोडायची. इमारतीच्या भिंतीलगत, तळघराच्या छतावर किंवा संरक्षक भिंतीच्या माथ्यावर पाणी थांबवायचे नाही. थांबलेले पाणी दोन दिवसांत निघून गेले पाहिजे, नाहीतर डासांची तक्रार येईल आणि ती रास्त असेल.

पाणी झिरपू देणारे पेव्हर म्हणून काही विकले जाते. खाली खडीचा थर नसेल आणि फटींत बारीक रेती भरली असेल तर ते साध्या पेव्हरसारखेच वागतात. विकत घेण्याआधी खालच्या थरांचे काय, ते विचारा.

पायरी ४: गच्चीचे पाणी

पर्जन्यजल संधारण अनेक सोसायट्यांत बांधकाम परवानगीच्या अटीमुळे आलेले असते. नंतर त्याचा फिल्टर कुठे आहे हेही कुणाला सांगता येत नाही. तो शोधा, उघडा, वाळू-खडी धुऊन घ्या. पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह चालतो का पाहा.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. साठवण टाकी म्हणजे पुरावरचा उपाय नाही. १२०० चौरस मीटर गच्चीवरून ताशी ५० मिमी पावसात तासाला ५४ हजार लिटर येतात, वीस हजारांची टाकी बावीस-तेवीस मिनिटांत भरते. शिवाय जुलैत ती आधीच भरलेली असते. फ्लश, बाग, गाड्या धुणे यांसाठी ती उत्तम. पुरासाठी वापरायची असेल तर इशारा आल्यावर ती रिकामी करावी लागेल आणि हे कोण करणार ते आधीच ठरलेले हवे.

शोषखड्ड्यांबद्दलही सबुरी हवी. पवईखाली काळा कातळ आहे, त्यात पाणी मुरते ते फटींतूनच. खड्डा काढण्याआधी त्या जागी मीटरभर खोल भोक करून पाण्याने भरा, जमीन भिजली की पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. एक-दोन सेंटिमीटरच उतरत असेल तर तिथे खड्डा म्हणजे पैशांची माती. तलावाच्या काठालगत जुलैनंतर भूजलच वर आलेले असते, तिथे हीच चाचणी मे महिन्यात पास होते आणि ऑगस्टमध्ये नापास.

पायरी ५: डोंगराकडची बाजू

ज्यांच्या मागे उतार आहे त्यांनी ही पायरी आधी करावी. भिंतीच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून वरचे पाणी अडवायचे आणि बाजूने पक्क्या गटारात सोडायचे. संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोके असतात. ती मातीने किंवा रंगकाम करताना प्लास्टरने बुजलेली असतात, ती मोकळी करा. मोठ्या पावसानंतर त्यांतून पाणी ठिबकायला हवे. भोके कोरडी आणि भिंत मात्र ओली, फुगलेली, ताजी चीर पडलेली, असे दिसले तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा आणि भिंतीखालची माणसे, गाड्या हलवा. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरात आणि विक्रोळीत दरड-भिंती कोसळून माणसे झोपेत गेली. हा प्रकार इथून दूरचा नाही.

पायरी ६: गटारे आणि चेंबर

वेळापत्रक सोपे आहे. मार्चमध्ये सगळी झाकणे उघडून पाहणी, एप्रिलमध्ये दुरुस्ती, मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाळ काढणे. आधी काढला तर मेअखेर पुन्हा पाने आणि सिमेंट पडतेच, विशेषतः कुणाच्या फ्लॅटचे काम चालू असेल तर. गटारात डबर टाकणाऱ्या कंत्राटदाराची अनामत जप्त करायचा ठराव एकदा करून ठेवा, फार उपयोगी पडतो. काढलेला गाळ कडेला ठेवायचा नाही. पहिली सर त्याला परत आत घेऊन जाते.

माणसाला मॅनहोलमध्ये उतरवायचे नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय उतरवणे गुन्हा आहे आणि आतल्या वायूने जीव जातो. जेटिंग-सक्शनची, म्हणजे पाण्याच्या झोताने गाळ सुटा करून ओढून घेणारी गाडी मागवा.

नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्यांनी शेवटच्या चेंबरवर नॉन-रिटर्न झडप बसवावी. प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात. नाला चढला की ती मिटते आणि बाहेरचे पाणी आत येत नाही. पण ती मिटली की आतले पाणीही अडते. बागेतली साठवण आणि पंप यांचा उपयोग तेव्हाच. झडपेत प्लास्टिकची पिशवी अडकली तर ती उघडीच राहते, म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी.

आपल्या फाटकाबाहेरचे गटार तुंबलेले असेल तर तक्रार विभाग कार्यालयात: पवई एस विभागात येते, चांदिवली एल विभागात. फोन १९१६. फोटो, जागेची खूण आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. चार-पाच शेजारी सोसायट्यांनी मिळून एएलएम, म्हणजे महापालिकेशी जोडलेला परिसरातल्या नागरिकांचा गट, केले तर एकट्या चिटणिसाच्या पत्रापेक्षा जास्त दाद लागते. पवईकरांनी यापेक्षा मोठे काम करून दाखवले आहे: तलावाच्या कडेने होणारा सायकल ट्रॅक नागरिकांनी न्यायालयात नेला आणि ६ मे २०२२ ला उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला.

पायरी ७: तळघर

तळघरात पाणी येते ते बहुधा रॅम्पवरून. वरच्या उदाहरणातले निम्मे पाणी, सेकंदाला २० लिटर, रॅम्पवरून उतरले तर ६०० चौरस मीटरच्या पार्किंगमध्ये तासाला १२ सेंटिमीटर चढते. ते उपसायला ताशी ७२ हजार लिटरचा पंप लागेल. त्यापेक्षा रॅम्पच्या तोंडाशी १५ सेंटिमीटरचा सौम्य चढ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीचे आडवे गटार करा. दाराच्या चौकटीत खाचा पाडून ॲल्युमिनियमच्या फळ्या सरकवता येतात, त्याही ठेवा. फळ्या लावायची तालीम मेमध्ये एकदा सुरक्षारक्षकांकडून करून घ्या.

पंप घेताना हॉर्सपॉवर विचारू नका. आपल्या तळघरापासून सोडण्याच्या जागेपर्यंतच्या उंचीला ताशी किती लिटर, हे लेखी घ्या. दोन पंप, पाणी चढले की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच, जनरेटरवर जोडणी, आणि पाणी सोडायची जागा शेजाऱ्याच्या रॅम्पवर नसावी. हे शेवटचे हसण्यावारी नेऊ नका, पावसाळ्यातली निम्मी भांडणे यावरूनच होतात. मीटर रूम तळघरात असेल तर ती वर नेण्याचा खर्च एकदा सर्वसाधारण सभेपुढे ठेवाच.

पायरी ८: इशारा आल्यावर

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की: गच्चीच्या जाळ्यांवरची पाने काढा, टाकी आणि सम्प (पंपाजवळचा पाणी गोळा होण्याचा खड्डा) रिकामे करा, पंप दहा मिनिटे चालवून पाहा, खालच्या गाड्या वर घ्या, फळ्या हाताशी ठेवा. पाणी चढू लागले की लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून बंद करा आणि तळघराचा वीजपुरवठा तोडा. त्यानंतर गाडी काढायला कुणालाही खाली जाऊ देऊ नका.

पाणी लवकर जावे म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण उघडायचे नाही, कितीही मोह झाला तरी. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीत एका नामवंत डॉक्टरांचा जीव अशाच उघड्या मॅनहोलने घेतला. तलावाच्या काठाला ओसंडणारे पाणी पाहायलाही जाऊ नये. काठ निसरडा असतो आणि तलावात मगरी आहेत, ही दंतकथा नाही.

पायरी ९: ओसरल्यावर

जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरले असण्याची शंका असली तरी टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरिनने निर्जंतुक करूनच भरा. तोवर टँकर. पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असलेल्यांनी, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावे. सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांना आधी न्या, सर्वांत जास्त वेळ पाण्यात तेच असतात. बुडालेली गाडी चालू करून पाहू नका, इंजिन जाते आणि विम्याचा दावाही अडू शकतो. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय तळघराचा स्विच टाकू नका.

चिखल धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला पट्टी लावून फोटो काढा. त्यावर तारीख, वेळ आणि त्या तासाचा पाऊस लिहा. महापालिकेच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांची आकडेवारी मिळते. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणजे भिंती अजून ओल्या असताना. पाइप बदलणे, बाग खाली घेणे, रॅम्पचा चढ, यांचे अंदाजपत्रक त्याच सभेत त्या फोटोंसह मांडा. मार्चपर्यंत थांबलात तर तो पैसा लॉबीच्या टाइल्सला गेलेला असेल.